धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय: श्रीलंकेतून शांतिसेनेची माघार

२४ मार्च १९९० रोजी भारतीय शांतिसेनेची अखेरची तुकडी त्रिंकोमालीच्या बंदरातून जहाजावर चढली. अडीच वर्षांपूर्वी याच सैन्याच्या गळ्यात जाफन्यातल्या तमिळ लोकांनी हार घातले होते. आता निरोपाला गर्दी नव्हती, आणि मद्रासला उतरल्यावर स्वागतालाही राज्याचे मुख्यमंत्री नव्हते. एम. करुणानिधींनी स्वागत समारंभावर उघड बहिष्कार टाकला: आपल्याच तमिळ भावंडांना मारून आलेल्या सैन्याचं स्वागत मी करणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. साडेअकराशेहून अधिक जवान बेटावर मरण पावले होते. त्यांच्या सोबत्यांना आपण जिंकून आलो की हरून, हे सांगणारं कुणी नव्हतं.

परक्या युद्धातून सैन्य काढून घेतलं की पुढे काय होतं, असा विषय निघाला की आपल्याकडे लगेच सायगावच्या छतावरचं हेलिकॉप्टर किंवा काबूलच्या विमानतळावरची गर्दी आठवते. घरातलं उदाहरण कुणी काढत नाही. खरं तर या मोहिमेची सूत्रं सुरुवातीला होती ती लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग यांच्याकडे, म्हणजे दक्षिण कमांडच्या प्रमुखांकडे, आणि त्या कमांडचं मुख्यालय पुण्यात. मोहिमेतलं एकमेव परमवीरचक्र मिळालं ते मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना. जन्म आणि शिक्षण मुंबईचं, पलटण ८ महार. २५ नोव्हेंबर १९८७ च्या पहाटे कंथारोडईजवळ त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच मारलं आणि तिथेच प्राण सोडला. दूरच्या कुणाची गोष्ट म्हणून हे प्रकरण बाजूला सारता येणार नाही.

आत कसे शिरलो

हा भाग थोडक्यात, कारण तो पुष्कळदा सांगून झालेला आहे. १९८७ च्या उन्हाळ्यात श्रीलंकेच्या सैन्याने वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या बंडखोरांविरुद्ध जाफना द्वीपकल्पात मोठी मोहीम काढली. ४ जूनला भारतीय हवाई दलाच्या एएन-३२ विमानांनी, मिराज २००० च्या पहाऱ्यात, जाफन्यावर धान्य-औषधं टाकली. कोलंबोला इशारा कळला. २९ जुलैला राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी मानवंदना घेताना एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला, तो खांद्यावर निभावला. सिंहली जनमताची ती पोचपावती होती म्हणा ना.

करारात ठरलं ते असं: तमिळ संघटनांनी शस्त्रं खाली ठेवायची, श्रीलंकेने उत्तर आणि पूर्व प्रांत जोडून त्यांना स्वायत्त प्रांतिक परिषद द्यायची आणि भारताने या सगळ्याची हमी घ्यायची. गोम अशी की करारावर लिट्टेची, म्हणजे तमिळ बंडखोरांच्या सर्वांत बलाढ्य संघटनेची, सहीच नव्हती. ज्याच्या हातात बंदूक, त्याला सोडून दोन सरकारांनी बंदुका खाली ठेवण्याचा करार केला. लिट्टेचा प्रमुख प्रभाकरन याने ऑगस्टमध्ये सुदुमलैच्या सभेत थोडीफार शस्त्रं देण्याचं कबूल केलं, पण मनापासून नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पकडले गेलेले लिट्टेचे लोक, त्यात पुलेंद्रन आणि कुमारप्पा हे बडे सरदार, सायनाइड खाऊन मेले आणि शांततेचा देखावा संपला. १० ऑक्टोबरला 'ऑपरेशन पवन' सुरू झालं. दुसऱ्याच रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरने उतरवलेली १३ शीख लाइट इन्फंट्रीची तुकडी जवळजवळ संपूर्ण कापली गेली. शहर ताब्यात आलं, पण वाटेत जाफन्याच्या रुग्णालयात रुग्ण आणि कर्मचारी मिळून साठहून अधिक माणसं आपल्या सैन्याच्या गोळ्यांनी मेली. ऑगस्ट १९८९ मध्ये वल्वेट्टितुरैत पन्नासच्या वर नागरिक मारले गेले. शांतिसेनेच्या 'आयपीकेएफ' (इंडियन पीस कीपिंग फोर्स) या आद्याक्षरांचा अर्थ तिथले लोक 'इनोसंट पीपल किलिंग फोर्स' असा लावू लागले. हे टाळून माघारीचा अभ्यास होत नाही. जे सैन्य बाहेर पडत होतं ते आधीच लोकांच्या मनातून उतरलेलं होतं.

जा म्हणणारा शेजारी

दोन वर्षांत फौज चार डिव्हिजनपर्यंत वाढली. गावं, रस्ते, शहरं ताब्यात, आणि उत्तरेतल्या वन्नीच्या जंगलात प्रभाकरन जिवंत. अशा वेळी आपल्याकडे म्हणतात तेच झालं: धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

पण माघारीची तारीख ठरवली ती जंगलातल्या परिस्थितीने नाही. ती ठरवली कोलंबोने. १९८८ च्या डिसेंबरात रणसिंघे प्रेमदासा निवडून आले ते भारतीय सैन्य परत पाठवण्याचं वचन देऊनच. दक्षिणेत जनता विमुक्ती पेरामुना या सिंहली डाव्या बंडखोरांनी भारतविरोधी संतापावर उठाव पेटवला होता. प्रेमदासांना त्यांच्या हातातलं कोलीत काढून घ्यायचं होतं. १ जून १९८९ रोजी त्यांनी जाहीर कार्यक्रमात सांगून टाकलं की जुलैअखेर भारतीय सैन्य गेलं पाहिजे. दिल्लीला आधी विश्वासात घेतलं नव्हतं. सार्कची शिखर परिषद कोलंबोत व्हायची होती, तीही परकीय फौज असेपर्यंत नको म्हणून अडली.

राजीव गांधींचं उत्तर असं होतं की सैन्य परतणं आणि प्रांतिक परिषदेला अधिकार मिळणं या दोन्ही गोष्टी बरोबरीने व्हायला हव्यात, कारण सैन्य आलंय ते कराराची हमी म्हणून. कायद्याच्या कसोटीवर हा युक्तिवाद अर्धाच टिकतो. यजमानाने 'जा' म्हटल्यावर पाहुण्याने करारातली कलमं वाचून दाखवायची, हे फार दिवस चालत नाही. जुलैअखेरीस त्रिंकोमालीहून सहाशे जवान पाठवून लाज राखली गेली. १८ सप्टेंबरला दोन्ही सरकारांत ठरलं: २० सप्टेंबरपासून आक्रमक कारवाया थांबवायच्या आणि ३१ डिसेंबरपर्यंत बाहेर पडण्याचा प्रयत्न करायचा. नोव्हेंबरच्या निवडणुकीनंतर भारतात सरकार बदललं. विश्वनाथ प्रताप सिंगांना या युद्धात अजिबात रस नव्हता. त्यांनी तारीख मार्चपर्यंत लांबवली, एवढंच.

आता या कथेतला सगळ्यात विलक्षण भाग. प्रेमदासा त्याच सुमारास लिट्टेशी बोलणी करत होते. लिट्टेचे प्रतिनिधी कोलंबोच्या हॉटेलात उतरत होते, आणि भारतीय सैन्याला तोंड द्यायला म्हणून श्रीलंकेच्या सरकारनेच लिट्टेला शस्त्रं पुरवली. पुढे श्रीलंकेत हे अधिकृतपणे मान्य झालं. ज्या संघटनेपासून देश वाचवायला परकी फौज बोलावली, तिलाच त्या फौजेविरुद्ध बंदुका! 'भीक नको पण कुत्रा आवर' ही म्हण आपण ऐकलेली आहे; इथे यजमानाने कुत्र्यावर लांडगा सोडला.

मधल्या मधे सापडलेली पोरं

माघारीच्या परिणामांची चर्चा सहसा दोन राजधान्यांभोवती फिरते. माझ्या मते या प्रकरणात सर्वाधिक किंमत मोजली ती तिसऱ्याच लोकांनी.

नोव्हेंबर १९८८ मध्ये भारतीय सैन्याच्या पहाऱ्यात जोड-प्रांताच्या निवडणुका झाल्या. लिट्टेने बहिष्कार टाकला, ईपीआरएलएफ या प्रतिस्पर्धी तमिळ संघटनेचे वरदराज पेरुमल मुख्यमंत्री झाले, त्रिंकोमालीत कार्यालय थाटलं गेलं. कागदावर सरकार होतं. हातात पैसा नव्हता, पोलीस नव्हते, आणि कोलंबोला ते यशस्वी व्हावं असंही वाटत नव्हतं. ते उभं होतं ते भारतीय संगिनीच्या टेकूवर.

टेकू निघणार हे दिसताच दिल्लीला घाईने काहीतरी उभं करावंसं वाटलं. आपण गेल्यावर लिट्टेला तोंड देईल असं तमिळांचंच एक दल हवं होतं. त्यातून आली 'तमिळ नॅशनल आर्मी'. भारताने शस्त्रं आणि तुटपुंजं प्रशिक्षण दिलं, आणि भरती ईपीआरएलएफ व तिच्या मित्र-संघटनांनी केली. भरती कसली, धरपकडच ती. बसमधून उतरवून, रस्त्यावर अडवून, शिकवणीला निघालेली शाळकरी पोरं उचलली गेली. आया छावण्यांच्या दारात रडत उभ्या. आधीच रुग्णालयाचं प्रकरण विसरू न शकलेल्या लोकांच्या मनात भारताविषयी जी काही कणव उरली होती, ती या भरतीने पुसली.

भारतीय सैन्य आधी अंपारातून हललं, मग एकेक जिल्हा रिकामा करत गेलं. जाफना आणि शेवटी त्रिंकोमाली. प्रत्येक ठिकाणी चित्र एकच. आपल्या गाड्या गेल्या की काही दिवसांत लिट्टे येई आणि तमिळ नॅशनल आर्मीची ठाणी पत्त्यांसारखी कोसळत. चार आठवडे बंदूक धरलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, समोर दहा वर्षं मुरलेले लढवय्ये. अनेक मारले गेले. अनेकांनी बंदूक टाकून घर गाठायचा प्रयत्न केला. आणि त्यांच्यासाठी भारतातून आलेली शस्त्रं ढिगाने लिट्टेच्या कोठारात गेली. म्हणजे लिट्टेला शेवटच्या सहा महिन्यांत एकीकडून कोलंबोने आणि दुसरीकडून, नकळत का होईना, दिल्लीने शस्त्रं पुरवली. बाकी सगळं बाजूला ठेवलं तरी हे एक वाक्य प्रत्येक माघार आखणाऱ्याच्या टेबलावर असावं असं मला वाटतं.

१ मार्च १९९० रोजी पेरुमल यांनी परिषदेत स्वतंत्र 'ईलम'च्या, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्राच्या, दिशेने जाणारा ठराव मांडला. हातात काहीच नसलेल्या माणसाची ती शेवटची फेक होती. काही दिवसांत भारताने त्यांना आणि त्यांच्या साथीदारांना इकडे आणलं. तमिळनाडूने या लोकांना ठेवून घ्यायला नकार दिल्यामुळे बऱ्याच जणांची रवानगी ओरिसात झाली. भाषा वेगळी, हवा वेगळी. भारतावर भरवसा ठेवल्याचं बक्षीस.

७९ दिवस

सैन्य गेल्यावर लगेच आभाळ कोसळतं, अशी समजूत असते. इथे तसं झालं नाही. एप्रिल-मे १९९० मध्ये उत्तर श्रीलंका चक्क शांत होती. प्रेमदासांना आपला डाव साधला असं वाटत होतं: बंडखोर सिंहली नेता रोहना विजेवीरा नोव्हेंबरात मारला गेला होता, भारतीय गेले होते, लिट्टेशी गोडीगुलाबी चालली होती.

शेवटचं जहाज सुटल्यानंतर बरोबर ७९ दिवसांनी, ११ जून १९९० रोजी, लिट्टेने पूर्वेकडच्या पोलीस ठाण्यांना वेढा घातला. प्रतिकार करू नका, असा पोलिसांना कोलंबोचा हुकूम होता, कारण बोलणी मोडायची नव्हती. शरण आलेल्या सुमारे सहाशे पोलिसांना जंगलात नेऊन गोळ्या घातल्या गेल्या. दुसरं ईलम युद्ध सुरू झालं. ऑगस्टमध्ये कट्टनकुडीच्या मशिदींत नमाज पढणारे शंभरावर मुस्लिम मारले गेले. ऑक्टोबरमध्ये उत्तर प्रांतातल्या सत्तर हजारांवर मुस्लिमांना काही दिवसांच्या, जाफन्यात तर तासांच्या, मुदतीत घरदार सोडायला लावलं. तमिळ निर्वासितांच्या होड्या पुन्हा रामेश्वरमच्या किनाऱ्याला लागू लागल्या. लाखाहून अधिक माणसं आली. ज्या लोंढ्याच्या काळजीने भारत या भानगडीत पडला होता, तो लोंढा भारत बाहेर पडल्यावर पुन्हा परतला.

शांतिसेना असती तर हे टळलं असतं का? मुस्लिमांची हकालपट्टी बहुधा टळली असती. पोलिसांची कत्तलही. पण शांतिसेना होती म्हणूनच वल्वेट्टितुरै घडलं, हेही तितकंच खरं. इथे तराजू घेऊन बसण्यात अर्थ नाही.

परत येतील या भीतीचा बळी

माघारीचा हिशेब तारखेला संपत नाही, याचा सगळ्यात भयंकर पुरावा चौदा महिन्यांनी मिळाला.

त्याआधी एक पाऊल मागे. १९ जून १९९० ला मद्रासच्या कोडंबाक्कममध्ये ईपीआरएलएफचे सरचिटणीस पद्मनाभा आणि त्यांचे सहकारी एका सदनिकेत बसले असताना लिट्टेच्या पथकाने त्यांना ठार केलं. दिवसाढवळ्या, भारतातल्या एका महानगरात. मारेकरी गाडीने किनाऱ्याकडे गेले आणि होडीने पसार झाले. त्यांचा म्होरक्या शिवरासन. बेटावर सोडून दिलेलं युद्ध मद्रासमध्ये आलं होतं आणि राज्ययंत्रणा बघत राहिली. जानेवारी १९९१ मध्ये करुणानिधींचं सरकार बडतर्फ झालं त्यामागे हेही एक कारण दिलं गेलं.

राजीव गांधी तेव्हा विरोधी पक्षात होते. सैन्य ज्या रीतीने काढून घेतलं त्यावर ते जाहीर टीका करत होते, कराराची बाजू घेत होते. १९९१ च्या निवडणुकीत ते परत सत्तेवर येतील अशी दाट शक्यता होती. तपासातून पुढे आलेला हेतू हा की, राजीव परतले तर शांतिसेनाही परतेल, अशी धास्ती लिट्टेच्या नेतृत्वाला होती. शिवाय जुन्या लढाईचा सूड होताच. २१ मे १९९१ च्या रात्री श्रीपेरुंबुदूरच्या सभेत धनू नावाची तरुणी त्यांच्या पायाशी वाकली आणि तिने अंगावरचा बॉम्ब उडवला; राजीव गांधी जागीच मारले गेले. कटाचा सूत्रधार पुन्हा शिवरासनच.

सैन्य मागे घेणारा समजतो की आपण पान उलटलं. समोरच्याच्या डोक्यात मात्र ते पान उघडंच असतं. हे सैन्य पुन्हा येऊ शकतं, कुणाच्या सत्तेत येईल, त्याला आधीच कसं रोखायचं, हा विचार तो करत राहतो. विश्वनाथ प्रताप सिंगांच्या सरकारने जहाजं मोजली, बटालियन मोजल्या. माजी पंतप्रधानाच्या जिवाला असलेला धोका या माघारीशी जोडून कुणी मोजला नाही. त्यांची विशेष सुरक्षा सत्ता गेल्यावर काढून घेतली गेली होती, हे सर्वांना माहीत आहेच.

आणि प्रेमदासा? १ मे १९९३ रोजी कोलंबोत मे दिनाच्या मिरवणुकीत लिट्टेच्या आत्मघाती हल्लेखोराने त्यांनाही उडवलं. करारावर सही करणारा आणि करार मोडणारा, दोघेही एकाच हातून गेले.

दिल्लीला चटका

यानंतर भारत श्रीलंकेच्या बाबतीत दूध पोळल्यावर ताकही फुंकून पिऊ लागला. मे १९९२ मध्ये लिट्टेवर बंदी आली, पण बेटावर पाऊल नाही. याची खरी परीक्षा एप्रिल २००० मध्ये झाली. जाफना द्वीपकल्पाच्या तोंडाशी असलेला एलिफंट पासचा तळ लिट्टेने जिंकला, जाफन्यात श्रीलंकेचे हजारो सैनिक अडकले आणि कोलंबोने भारताकडे हात पसरले. वाजपेयी सरकारने सैन्य पाठवायला साफ नकार दिला. तो योग्यच होता, पण मोकळी जागा रिकामी राहत नाही: मध्यस्थीला नॉर्वे आलं, २००२ चा युद्धविराम त्यांनी घडवला. शेवटच्या लढाईला श्रीलंकेने शस्त्रं मिळवली ती मोठ्या प्रमाणात चीन आणि पाकिस्तानकडून, आणि पुढे हंबनटोटाचं बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाड्याने चिनी कंपनीकडे गेलं. याचा सगळा दोष १९९० च्या माघारीवर टाकणं ओढूनताणून होईल. श्रीलंकेचं कर्ज आणि तिथलं घराणेशाहीचं राजकारण ही कारणं त्याहून मोठी. पण तमिळ प्रश्नावर भारताचा शब्द ज्या वजनाने १९८७ मध्ये पडत होता, तसा पुन्हा कधी पडला नाही.

एक गंमत नोंदवायला हवी. १९८७ च्या कराराबरोबरच्या पत्रव्यवहारात त्रिंकोमालीच्या ९९ जुन्या तेलटाक्यांचा विषय होता. त्या तिसऱ्याच्या हाती जाऊ नयेत, असं भारताला वाटत होतं. चार डिव्हिजन फौज असताना त्या मिळाल्या नाहीत. २००३ मध्ये इंडियन ऑइलच्या श्रीलंकन कंपनीने साध्या व्यापारी करारातून त्यांतल्या काही घेतल्या आणि २०२२ मध्ये बाकीच्यांचाही करार झाला.

मग थांबायला हवं होतं का?

नाही. माझं मत स्पष्ट आहे: १९८९ मध्ये बाहेर पडणं अपरिहार्य होतं आणि ते वर्षभर आधी झालं असतं तर बरं. यजमान सरकार शत्रूला बंदुका देत असताना, घरचं राज्य सरकार विरोधात असताना आणि ज्यांच्या रक्षणाला गेलो त्यांनीच पाठ फिरवलेली असताना आणखी पाच वर्षं राहून फक्त शवपेट्या वाढल्या असत्या.

चूक झाली ती क्रमात. १८ सप्टेंबरच्या समझोत्यात कारवाया थांबवण्याची तारीख पक्की होती, पण प्रांतिक परिषदेला अधिकार कधी मिळणार, याला तारीख नव्हती. देखरेखीच्या समित्या तेवढ्या होत्या. त्या समित्यांचं कामकाज कुणाच्या लक्षातही राहिलेलं नाही. दुसरं, आपल्या बाजूने उभ्या राहिलेल्यांना आधी सुरक्षित बाहेर काढायचं की त्यांना बंदूक देऊन मागे ठेवायचं, यात आपण दुसरा पर्याय निवडला आणि त्याला 'त्यांना सक्षम करणं' असं गोंडस नाव दिलं. ईपीआरएलएफच्या कार्यकर्त्यांना ओरिसात आणायचंच होतं, तर ते बंदुका वाटण्याच्या आधी का नाही? या प्रश्नाचं उत्तर मला कुठेच समाधानकारक सापडलेलं नाही.

कराराच्या पोटी जन्मलेली, प्रांतिक परिषदा देणारी १३ वी घटनादुरुस्ती श्रीलंकेच्या राज्यघटनेत अजून आहे. उत्तर आणि पूर्व प्रांतांचं जोडकाम २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवलं. युद्ध संपल्यावर, २०१३ मध्ये, उत्तर प्रांताच्या परिषदेची निवडणूक झाली. २०१८ मध्ये तिची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं नवी निवडणूक घेतलीच गेली नाही. कोलंबोलगतच्या कोट्टेत, श्रीलंकेच्या संसदेजवळ, शांतिसेनेचं स्मारक आहे. काळ्या दगडावर मेलेल्या जवानांची नावं कोरलेली आहेत.  मार्च २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींनी तिथे पुष्पचक्र वाहिलं होतं.